मामा, दोन्हीवर आय-सेव्हनच लिहिलंय की!

भाच्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि पेढे संपायच्या आत घरात लॅपटॉपचा विषय निघाला. ताईचं म्हणणं एकदम साधं, तुझ्याकडं जो डबा आहे (डबा म्हणजे माझा डेस्कटॉप, आमच्या घरात त्याला सगळे डबाच म्हणतात) तसाच पण उचलून नेता येईल असा एक बघून दे, किती लागतील तेवढं सांग. भाचा मात्र अभ्यास करून आला होता. दुकानातल्या कार्डाचा फोटो मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरला, "मामा हे बघ, तुझा पण थर्टीन्थ जनरेशन आय-सेव्हन, हा पण थर्टीन्थ जनरेशन आय-सेव्हन. तुझा ५.२ गिगाहर्ट्झ, हा ५. म्हणजे दोन्ही सेमच की."

आता कार्ड वाचून कुणालाही तसंच वाटणार, त्याची काय चूक. माझा डब्यातला आय-सेव्हन १३७०० आणि त्याच्या फोटोतला आय-सेव्हन १३५५यू, नाव एक, पिढी एक, गिगाहर्ट्झ जवळपास एक. पण माझ्यात १६ कोअर (चिपमधले काम करणारे हात) आहेत, ८ मोठे ८ छोटे, आणि त्याच्यात १०, त्यातले मोठे फक्त २. माझ्यात कॅश (चिपच्या आतली चपळ मेमरी) ३० एमबी, त्याच्यात १२. आणि खरा फरक कार्डावर लिहिलेलाच नव्हता, तो म्हणजे वॅट. इंटेलच्याच कागदावर माझ्या चिपची बेस पॉवर ६५ वॅट आणि टर्बोला (म्हणजे पूर्ण जोरात पळताना) जास्तीत जास्त २१९ वॅट, त्याच्या चिपची बेस १५ आणि टर्बोला ५५. म्हणजे एकाला जेवायला भरलेलं ताट आणि दुसऱ्याला वाटी, आणि दुकानदार सांगतो दोघं एकाच घरचे.

हे सगळं त्याला तोंडी सांगितलं असतं तर त्यानं हो हो केलं असतं आणि तोच घेतला असता. म्हणून म्हटलं थांब, मोजूनच दाखवतो. माझ्याकडं एक वॉटमीटर आहे, सॉकेटमध्ये लावायचं, त्यात आपला प्लग घालायचा, किती वॅट खातंय ते समोर दिसतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी घेतलं होतं कारण बिल आल्यावर बायकोनं थेट डब्याकडं बोट दाखवलं होतं. मोजल्यावर चोर निघाला एसी, पण तेव्हापासून मला मोजायचा नादच लागला, मिक्सर मोजला, टीव्ही मोजला, देवघरातली लाइटची माळ पण मोजली. (माळ काहीच खात नाही, बिनधास्त लावा.)

मित्राकडं नेमका तोच १३५५यूवाला लॅपटॉप होता, दोन दिवसांसाठी मागून आणला. कामाला काय द्यायचं तर माझ्याकडं वारीचं फुटेज पडलेलं होतं, वाखरीच्या रिंगणाचं, फोरके, मोबाइलवर काढलेलं, अवाढव्य फाइली. सोलापुरात राहतो त्यामुळं आषाढीच्या आधी पंढरपूरला एक चक्कर होतेच आणि दरवर्षी मोबाइल भरून परत येतो. त्यातली एक फाइल हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये लहान करायची, आणि ते पण ग्राफिक्सची मदत न घेता, फक्त प्रोसेसरच्या जिवावर. हे असं काम आहे की सगळे कोअर शेवटपर्यंत घाम गाळतात, कुणाला सुट्टी नाही.

डब्यानं काम केलं २० मिनिटांत. भिंतीवरचं मीटर दाखवत होतं २५५ वॅटच्या आसपास, मॉनिटर सोडून. माझ्या डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही हे लक्षात घ्या, म्हणजे हे बहुतेक सगळं प्रोसेसरच खात होता. लॅपटॉपनं घेतली ६८ मिनिटं. पण मीटर दाखवत होतं ३८ वॅट, स्क्रीनसकट.

भाच्यानं लगेच निकाल लावला, "म्हणजे तुझा साडेतीनपट फास्ट." बरोबर आहे. मग मी म्हटलं आता कामाचा हिशोब कर, वेळेचा नको. २५५ वॅट २० मिनिटं म्हणजे ८५ वॅट-तास. ३८ वॅट ६८ मिनिटं म्हणजे ४३ वॅट-तास. तीच फाइल, तेच सेटिंग, आणि लॅपटॉपनं निम्म्या विजेत काम करून दिलं. लॅपटॉप हळू चालतो हे सगळ्यांना माहीत असतं पण काम संपेपर्यंत एकूण लाइट किती जळली हे कुणी बघतच नाही.

इथं आमचा भाचा जरा गप्प झाला. मग त्यानं तो प्रश्न विचारला जो मला हवा होता, की चिप एकाच कंपनीची, एकाच पिढीची, एकाच फॅक्टरी-टेक्नॉलॉजीची, मग एक एवढी खादाड का?

याचं उत्तर मी त्याला गाडीवरून सांगितलं कारण गाडी त्याला कळते. बाईक ४५-५० नं चालवली की ॲव्हरेज मस्त देते, तीच बाईक कान पिळून ९५ ला नेली की ॲव्हरेज पार झोपतो, वेग दुप्पट झाला म्हणून पेट्रोल दुप्पट असं होत नाही, त्याच्या कितीतरी वर जातं. प्रोसेसरचं तसंच. चिपमध्ये काम करताना जी वीज लागते तिचा हिशोब असा आहे: कपॅसिटन्स (दर वेळी किती चार्ज भरावा लागतो ते) गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी. आता फ्रिक्वेन्सी वाढवायची तर ट्रान्झिस्टर पटकन उघड-बंद व्हायला हवेत, त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि ते आहे वर्गात. समजा एक कोअर ०.८ व्होल्टवर २.६ गिगाहर्ट्झनं निवांत चालतोय. त्याला ५.२ वर न्यायचं म्हणून १.३५ व्होल्ट दिले. वेग झाला दुप्पट, आणि वीज? व्होल्टेजच्या वर्गामुळं पावणेतीन पटीच्या वर, वरून फ्रिक्वेन्सी दुप्पट, म्हणजे जवळजवळ पावणेसहापट. दुप्पट कामासाठी पावणेसहापट वीज. त्यात गळती वेगळी, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी वीज झिरपतच असते, आणि चिप तापली की ही गळती वाढते, म्हणजे तापली म्हणून जास्त खाते आणि जास्त खाते म्हणून तापते.

लॅपटॉपवाला बहुतेक वेळ त्या ४५-५० च्या स्पीडला असतो कारण त्याच्याकडं बॅटरी आहे पन्नास-साठ वॅट-तासांची आणि पंखा आहे चिमणीच्या पंखाएवढा. डेस्कटॉपवाल्याला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळते, वर किलोभराचा कूलर बसवलेला असतो, मग मदरबोर्डवाले पण म्हणतात पिळ कान. माझ्या बोर्डनं तर ६५ वॅटची मर्यादा आपणहूनच उडवून टाकली होती, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीची, बोर्डची स्वतःची सेटिंग) गेल्यावर कळलं, तिथं चक्क ४०९५ वॅट लिहिलेलं होतं. ४०९५ वॅट! म्हणजे अमर्याद हो, एवढी वीज काही चिप खात नाही, पण आकडा बघून पोटात गोळा आला.

मग मी जे करून दाखवलं ते मला स्वतःलाच इतकं आवडलं की हा पोस्ट खरं त्यासाठीच लिहितोय. बायॉसमध्ये जाऊन मर्यादा १२५ वॅट केली आणि तीच वाखरी परत लावली. २३ मिनिटं. तीन मिनिटं जास्त फक्त. मीटरवर १७० वॅट, म्हणजे एकूण ६५ वॅट-तास. मग मर्यादा आणली ६५ वर, म्हणजे इंटेलच्या कागदावर जी मुळात लिहिलेली आहे तिथं. २९ मिनिटं. मीटरवर १०० वॅट. एकूण खर्च ४८ वॅट-तास.

४८! आणि लॅपटॉपचे होते ४३. म्हणजे माझा खादाड डबा, ज्याच्यावर बायकोनं बोट दाखवलं होतं, तो ६५ वॅटवर बांधून ठेवला की कामाच्या हिशोबानं लॅपटॉपच्या जवळपास येऊन बसतो आणि काम मात्र निम्म्याहून कमी वेळात संपवतो. (मॉनिटर धरला तर डब्याचे ६० होतील, पण मॉनिटर मी बंद करून चहाला जातो, तेव्हा धरत नाही.) कारण काय तर त्याच्याकडं १६ कोअर आहेत, आणि १६ माणसं निवांत चालत जाऊन जे काम करतात ते १० माणसांना जोर लावून करावं लागतं, त्यातली पण आठ बारकी. जास्त कोअर हळू चालवणं हे थोडे कोअर पळवण्यापेक्षा स्वस्त पडतं, सगळं गणित एवढ्यावरच आहे.

आणि हा काही माझ्या एकट्याचा शोध नाही बरं का. इंटेलनं २०२२ मध्ये १३९००के ही डेस्कटॉपची चिप आणली तेव्हा स्वतःच सांगितलं होतं की हा ६५ वॅटवर आधीच्या १२९००के एवढं मल्टिथ्रेड काम करतो, आणि तो १२९००के २४१ वॅट खाऊन ते करत होता. आणि एवढं सांगून विकताना मात्र त्याच १३९००के ला २५३ वॅटपर्यंत मोकळं सोडलं. का? कारण रिव्ह्यूमध्ये बारचार्ट असतो. बारचार्टमध्ये समोरच्यापेक्षा ५ टक्के पुढं दिसायला ८०-१०० वॅट गेले तरी चालतात, बिल कंपनी थोडीच भरते. एएमडीचं पण तेच, रायझन ९ ७९५०एक्स ची टीडीपी (कंपनीनं कागदावर लिहिलेले वॅट) १७० वॅट आणि बोर्डवरच्या चिपच्या सॉकेटला प्रत्यक्षात २३० पर्यंत परवानगी, पण निदान त्यांनी इको मोड म्हणून एक बटण ठेवलंय, ते दाबलं की १०५ किंवा ६५ वर येतो. ६५ म्हटलं तरी सॉकेटला ८८ वॅट जातात हा एएमडीचा आणखी एक वेगळा हिशोब, टीडीपी या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं लावते, आपण फक्त मीटर बघायचं.

जास्त व्होल्टेजची हाव किती महागात पडते ते २०२४ मध्ये दिसलंच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिप लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये अडखळायला लागल्या, गेम बंद पडायचे, आणि जुलैमध्ये इंटेलनं सांगितलं की मायक्रोकोडच्या (चिपच्या आतल्या सूचनांच्या) चुकीमुळं चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. मग ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. माझा १३७०० पण त्याच खानदानातला असल्यामुळं बातमी वाचून त्या रात्री जेवण सोडून बायॉस अपडेट करत बसलो होतो.

बरं, जुनी माणसं हे वाचत असतील तर त्यांना आठवत असेल, हे नाटक एकदा आधी पण झालेलं आहे. पेंटियम फोर आठवतो? आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये होते, सुरू केले की पंखा असा ओरडायचा जशी गिरणीच चालू झाली. तेव्हा सगळी विक्री गिगाहर्ट्झवर चालायची, जास्त गिगाहर्ट्झ म्हणजे भारी. २००४ मध्ये प्रेस्कॉट नावाचा पेंटियम फोर आला, फ्रिक्वेन्सी वर नेता यावी म्हणून त्याच्या पाइपलाइनचे (एक सूचना ज्यातून जाऊन पूर्ण होते त्या रांगेचे) तब्बल ३१ टप्पे केलेले. शेवटी ३.८ गिगाहर्ट्झवर जाऊन अडकला, ११५ वॅट खात होता, त्या काळात हे अति होतं. त्याच्या पुढचा टेजस नावाचा प्रोजेक्ट इंटेलनं त्याच वर्षी मे महिन्यात गुंडाळून टाकला. तोपर्यंत असं होतं की ट्रान्झिस्टर बारीक केले की व्होल्टेज पण आपोआप कमी करता यायचं, त्यामुळं वेग वाढला तरी उष्णता आवाक्यात राहायची. ते गणित तिथं मोडलं, ट्रान्झिस्टर बारीक झाले पण गळतीमुळं व्होल्टेज खाली येईना.

आणि वाचवलं कुणी? लॅपटॉपवाल्यांनी. इस्रायलमध्ये हायफाला इंटेलची एक टीम होती, त्यांना काम दिलेलं लॅपटॉपसाठी कमी विजेची चिप करायचं. त्यांनी २००३ च्या मार्चमध्ये पेंटियम एम आणला, १.६ गिगाहर्ट्झ, २४.५ वॅट. सेंट्रिनोचे ते स्टिकर आठवतात का, तोच. हा १.६ वाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरला कामात गाठायचा कारण प्रत्येक ठोक्याला काम जास्त उरकायचा. लोकांना हे कळल्यावर काही हौशी मंडळी डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपची चिप बसवायला लागली, आणि आसुसनं तर त्यासाठी सीटी-४७९ नावाचं एक ॲडॉप्टरच काढलं, ते घातलं की पेंटियम फोरच्या बोर्डवर पेंटियम एम चालायचा. पुढं जुलै २००६ मध्ये जो कोअर टू ड्युओ आला आणि ज्यानं सगळ्यांना गार केलं, तो या लॅपटॉपवाल्या घराण्यातला होता, पेंटियम फोरच्या नाही. डेस्कटॉपवर ६५ वॅट. म्हणजे आज माझ्या डब्यात जो आय-सेव्हन बसलाय त्याचे आजोबा लॅपटॉपवाले.

भाच्याला या इतिहासात काही रस नव्हता, तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. मी चालूच ठेवलं.

ॲपलचं तर अजून गमतीदार. २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं स्टेजवरून सांगितलं की आम्ही पॉवरपीसी चिप सोडून इंटेलकडं चाललोय, आणि कारण दिलं दर वॅटला मिळणारं काम. त्यांचा जी५ प्रोसेसर इतका गरम होता की लॅपटॉपमध्ये कधी बसवताच आला नाही. पंधरा वर्षांनी त्याच कारणानं ॲपलनं इंटेलला रामराम केला, नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला, मोबाइलच्या चिपच्या घराण्यातला. मॅक मिनी हा डेस्कटॉपच ना, तर त्याचे ॲपलनं स्वतः दिलेले आकडे बघा: २०१८ चा सहा कोअर आय-सेव्हनवाला मिनी रिकामा बसला की १९.९ वॅट आणि जास्तीत जास्त १२२ वॅट. एम१ वाला रिकामा ६.८ आणि जास्तीत जास्त ३९. डबा तोच, ॲल्युमिनियमचा, आतलं राज्य बदललं.

एम१ चं मूळ जिथं आहे त्या आर्म नावाच्या चिप-डिझाइनची एक गोष्ट मला फार आवडते, मीटरवाल्या माणसाला आवडणारच म्हणा. १९८५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजला एकॉर्न कंपनीत आर्मची पहिली चिप आली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची डिझाइन. पॅकिंग स्वस्त प्लास्टिकचं करायचं होतं म्हणून चिप एक वॅटच्या आत बसायला हवी एवढीच त्यांची अट होती. चिप लावली, चालली, आणि फर्बर यांनी किती करंट घेते ते मोजायला मीटर लावलं तर मीटरवर शून्य. बघितलं तर चिपचा सप्लाय जोडलेलाच नव्हता! बाजूच्या सिग्नलच्या तारांमधून जी थोडीफार वीज झिरपत होती तिच्यावरच चिप चालू होती. आणि आपण बायॉसमध्ये ४०९५ लिहून ठेवतो.

असो. भाच्याच्या लॅपटॉपकडं येऊ.

लॅपटॉपच्या बाबतीत कार्डावरच्या ५ गिगाहर्ट्झचं काय होतं ते मी त्याला ग्राफवर दाखवलं. काम सुरू केल्याबरोबर चिपनं पन्नासच्या वर वॅट ओढले, सगळं भन्नाट पळालं, आणि अर्ध्या मिनिटात पंचविसाच्या खाली येऊन बसली. पुढची ६७ मिनिटं तिथंच. म्हणजे ५ गिगाहर्ट्झ हे खोटं नाही, पण ते पाहुणे आल्यावर काढायचे कप आहेत, रोजच्या चहाला नाहीत. आता यात एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, की माणूस रोज जे करतो त्यातलं बरचसं त्या अर्ध्या मिनिटात संपून जातं. एक्सेल उघडणं, ब्राउझरमध्ये पेज लोड होणं, छोटा प्रोग्राम कंपाइल करणं. अशा एका कोअरच्या कामात माझा डबा लॅपटॉपच्या दहा-पंधरा टक्केच पुढं होता. पटकन काम उरकायचं आणि परत झोपायचं ही लॅपटॉपची पद्धत आहे आणि ती हुशारीची आहे.

झोपण्यात तर लॅपटॉपला तोडच नाही. नुसता चालू ठेवलेला, स्क्रीन निम्म्या उजेडावर, ७-८ वॅट. माझा डबा काहीही न करता ३५, वर मॉनिटर २५. एसएमपीएस (पॉवर सप्लाय), बोर्ड, दोन हार्डडिस्क, पंखे, सगळे आपापला वाटा घेतात, प्रोसेसर बिचारा त्यात फार काही खात नाही. म्हणजे दिवसाला दहा तास धरले तर डबा अर्धा युनिट जास्त खातो, महिन्याला १५ युनिट. आमच्याकडं सगळं धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे दीडशे रुपये. खरं सांगायचं तर बिल वाचवायला लॅपटॉप घ्या असं जे लोक सांगतात ते मला पटत नाही, तेवढ्याच कॉम्प्युटिंगचा लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा इतका महाग पडतो की दीडशे रुपये महिन्यानं ते पैसे वसूल व्हायला आपलं वय जाईल.

पण बिल ही एकच गोष्ट नसते ना. सोलापूरचा उन्हाळा, एप्रिल-मे मध्ये ४३-४४. निवांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता खोलीत सोडतो, म्हणजे २५५ वॅटचा डबा चालू केला की खोलीत अडीच पाहुणे येऊन बसले, आणि कामं करून जात पण नाहीत. ती उष्णता परत एसीनं ओढून बाहेर टाकायची, त्याची वीज वेगळी. आणि कूलर कितीही चांगला असला तरी तो चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, युरोपातला रिव्ह्यूवाला २१ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतो आणि आपली खोली ३६ ला, ते पंधरा डिग्री सरळ चिपच्या टेंपरेचरमध्ये मिळवायचे. इंटेलच्या या चिप १०० डिग्रीला स्वतःहून हळू होतात. म्हणजे जानेवारीतला लॅपटॉप आणि मेमधला लॅपटॉप हे वेगळे लॅपटॉप आहेत. पातळ लॅपटॉप तर मांडीवर घेऊन मे महिन्यात गेम खेळून दाखवा, मी नाव बदलीन.

आणि लाइट गेली की काय होतं ते सांगायला नकोच. डब्याचा यूपीएस ओरडायला लागतो, पाच मिनिटांत सेव्ह करून बंद करा नाहीतर गेलं. लॅपटॉपवाल्याला लाइट गेलेली कळतसुद्धा नाही, पंखा थांबल्यावर कळते.

तर भाच्याला म्हटलं नावातला आय-सेव्हन वाचू नको, शेवटचं अक्षर वाच. या पिढीत यू म्हणजे १५ वॅटवाला, पी असेल तर २८, एच म्हणजे ४५, आणि एचएक्स म्हणजे ५५ बेस आणि टर्बोला १५७, तो खरं म्हणजे डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपच्या बोर्डवर डकवलेली असते, त्याला घेतलंस तर चार्जर वेगळ्या पिशवीत न्यायला लागेल, विटेएवढा असतो. एएमडीचा बघत असशील तर तिथं वेगळाच घोळ आहे, ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू ही तिन्ही भावंडं वाटतात पण पहिला झेन टू, दुसरा झेन थ्री, तिसरा झेन फोर (झेन म्हणजे एएमडीच्या डिझाइनची पिढी). तिसरा आकडा बघायचा, पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो. हे नाव ठेवणारे कोण आहेत त्यांना एकदा भेटायचंय.

आणि एवढं करूनही एकच चिप दोन लॅपटॉपमध्ये दोन प्रकारे चालते. एका कंपनीनं पातळ करायच्या नादात पंधरावरच बांधली, दुसरीनं दोन पंखे घालून २८ नं पळवली, कार्डावर दोन्हीकडं नाव तेच. मी दुकानात विचारलं होतं की हा सतत किती वॅटवर चालतो, तर सेल्समन म्हणाला "सर, चार्जर ६५ वॅटचा आहे." मी पुढं काही बोललो नाही. माणूस चांगला होता, पाणी वगैरे दिलं.

भाच्याला हवं होतं कॅड, थोडं कोडिंग आणि "थोडं" गेमिंग. शेवटी एचवाला घेतला, जरा जाड, आजीच्या भाषेत पाटा. पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवरून फोन, "मामा पंखा फार ओरडतोय, रूमपार्टनर झोपू देत नाही." मग फोनवरच त्याला सांगितलं की पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन रात्री सायलेंट मोड लावत जा, चिप तीसेक वॅटवर येईल. पंधरा मिनिटांनी मेसेज आला, गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) सातच कमी झाले आणि आवाज बंद. त्याच्याखाली हसण्याच्या तीन इमोजी आणि "तुझी वाखरी बरोबर होती."

माझा डबा आता कायमचा १२५ वर आहे, मार्चपासून जूनपर्यंत ६५ वर. गेल्या पाच महिन्यांत मला एकदाही फरक जाणवलेला नाही, एकदा फक्त एक मोठी फाइल होती तेव्हा दोन कप चहा झाला.

वॉटमीटर मात्र भाचा जाताना घेऊन गेला, म्हणाला लॅपटॉप मोजतो तिकडं. परवा फोटो पाठवला, मीटरमध्ये कुणाचीतरी मॅगीची किटली लावलेली, १४८० वॅट, आणि मागून कुणीतरी ओरडतंय म्हणे, वॉर्डन आले.